वरच्या कानाची जखम घरात जिरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली, की आपल्या सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो आणि कानातल्यांच्या दुकानांपुढे पोरीबाळींची गर्दी होते. अनेक वर्षे परिचारिका म्हणून जखमांचे ड्रेसिंग केले, म्हणून यात्रा सुरू होण्याआधी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या नणंदेची नात सतरा वर्षांची. गेल्या वर्षी तिने बुगडीच्या जागी, म्हणजे कानाच्या वरच्या कडेला, एका दुकानात बंदुकीने टोचून घेतले. तिसऱ्या दिवशी कान लालबुंद, गरम आणि सुजलेला. खालची पाळी मात्र अगदी चांगली होती. घरच्यांनी हळद आणि खोबरेल लावले, उरलेल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि "बसेल दोन दिवसांत" म्हणून वाट पाहिली. मला कळले तेव्हा आठवडा उलटला होता. ऑपरेशन करून पू काढावा लागला, आतला सडलेला भागही काढावा लागला. कानाची वरची कड आत दुमडली, ती तशीच राहिली. पोर आता केस कानावर ओढूनच बाहेर पडते. आठवडाभर आधी कोणी मला फोन केला असता, ही खंत अजून जात नाही.

पाळीत नुसती कातडी आणि चरबी असते. तिथे रक्त भरपूर, त्यामुळे पाळी टोचली की सहसा लवकर भरते. वरचा कान कूर्चेचा, म्हणजे वाकणाऱ्या मऊ हाडाचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर पातळ पडदा असतो, त्यातूनच तिचे पोषण होते. पडदा आणि कूर्चा यांच्यामध्ये पू किंवा रक्त साचले की ती उपाशी पडून मरते. तालमीतल्या पैलवानांचे कान चुरगळलेले दिसतात ते याच कारणाने: मार लागून आत रक्त साचते आणि वेळेवर काढले जात नाही. टोचलेल्या वरच्या कानात बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू शिरतो. अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालतच नाही. म्हणून पाळी चांगली आणि वरचा कान सुजलेला, ठणकणारा दिसला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

'कान सोनारानेच टोचावेत' असे आपण म्हणतो. सोनार पाळी टोचतो, तीही बारीक तारेने. बंदुकीचा बोथट खिळा जोरात घुसतो आणि कूर्चा चिरडू शकतो. शिवाय ते प्लॅस्टिकचे यंत्र उकळून निर्जंतुक करता येत नाही. वरचा कान टोचायचाच असेल तर निर्जंतुक सुईने, जाणकाराकडून टोचून घ्या.

जड झुब्यांनी ओघळलेली किंवा लेकराने ओढून फाटलेली पाळी जागा बधिर करून शिवता येते. ताजी फाटली असेल तर त्याच दिवशी जावे. नंतर साधारण तीन महिन्यांनी, जुन्या व्रणाच्या बाजूला नवे भोक पाडतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. चुना, तंबाखू, कॉफी पूड यातले काही भरू नका, आम्हाला ते आधी खरवडून काढावे लागते. तुकडाच तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा आणि सोबत आणा. तुकडा थेट बर्फावर नको. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

गाडीवरून पडल्यावर कानाच्या आतून रक्त आले तर कापूस कोंबू नका, थेंब टाकू नका. कवटीला मार असू शकतो, तेव्हा थेट अपघात विभाग गाठा.

कुत्र्याचा चावा मात्र वेगळा धरा. लहान मुलांचे डोके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येते, त्यामुळे कान फाटल्याच्या जखमा त्यांनाच जास्त होतात. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. डोक्या-चेहऱ्याजवळचा चावा रेबीजच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. लसीबरोबरच जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन लागते आणि ते देण्याआधी टाके घालण्याची घाई करत नाहीत. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. आपल्या सिव्हिलमध्ये अपघात विभागही आहे आणि कान-नाक-घसा विभागही.

आपल्यामार्फत महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे, की गड्ड्यातल्या कानातल्यांच्या दुकानांपाशी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये एवढा तरी फलक लावावा: टोचलेला वरचा कान सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर