पावसाची सरासरीही दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या महसूल मंडळात ८४ मिलिमीटर पाऊस पडल्याचे तालुक्याच्या रोजच्या पावसाच्या तक्त्यात आले. माझ्या गच्चीवरच्या मोजपात्रात पाणी होते आठच्या जरा वर. अंगणातली मातीसुद्धा वरवरच भिजली होती. चौकशी केली तर नोंदवहीत ८.४ लिहिलेले. संगणकावर भरताना टिंब राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी मंडळाचा आकडा दुरुस्त झाला. तालुक्याची सरासरी मात्र २१.५ होती ती तशीच राहिली.

मी शाळेत गणित शिकवायचो. असली उदाहरणे आमची मुले कच्च्या वहीत सोडवायची. मंडळे आठ, सरासरी २१.५, म्हणजे बेरीज १७२. त्यातून ८४ काढा, ८.४ घाला, उरले ९६.४. आठने भागले की १२.०५. बाकीच्या सात मंडळांच्या नोंदी पुन्हा उघडायचीसुद्धा गरज नाही. एवढे न केल्यामुळे न पडलेला साडेनऊ मिलिमीटर पाऊस १ जूनपासूनच्या तालुक्याच्या बेरजेत हंगामभर मुरून राहिला.

रिकाम्या रकान्याचेही तेच. पर्जन्यमापक बंद असेल आणि तिथे शून्य भरले, तर भागायला हवे सातने आणि भागले जाते आठने. पडलेला पाऊस कागदावर कमी होतो.

हा हट्ट मास्तरकीचा नाही. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईची गाडी तिथून पुढे सरकते. आमच्याकडे ८.४ चे ८४ झाले. उद्या कुठे खऱ्या ८४ चे ८.४ झाले, तर ज्याचे सोयाबीन पाण्यात उभे आहे त्याने दाद कुठे मागायची?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश तापमान नोंदले गेले होते. हवामान खात्याने उपकरण तपासले आणि ते तीन अंश जास्त दाखवत असल्याचे जाहीरपणे सांगितले. तालुक्याच्या तक्त्यालाही हीच शिस्त हवी. आपल्या दैनिकातही हा तक्ता रोज येतो. चूक कळेल त्या दिवशी जुना आकडा, नवा आकडा आणि सुधारलेली सरासरी, तिन्ही त्याच चौकटीखाली छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक