दिव्यासाठी शेतं

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. पोर्तुगीज बिशप मिगेल द सिल्वावरचा तुझा कच्चा खर्डा वाचला. तो कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाल्याचं साल तू एकदा १५३९ आणि पुढे १५४१ दिलं आहेस. दोन्ही बरोबर आहेत, पण कारण लिहायला हवं. पोप तिसरा पॉल यांनी डिसेंबर १५३९मध्ये नेमणूक केली, पण नाव मनातच ठेवलं. जाहीर केलं २ डिसेंबर १५४१ला. जाहीर होण्याआधी पोप वारला, तर अशी नेमणूक तिथेच संपते. सिल्वा लपूनछपून पोर्तुगाल सोडून गेला तो याच मधल्या काळात, १५४०मध्ये.

त्यावर पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव इतका का खवळला, तेही खर्ड्यात नीट उतरलेलं नाही. सिल्वा व्हिझेउचा बिशप तर होताच, शिवाय राजाचा खासगी चिटणीस होता. दरबाराची गुपितं पोटात असलेला माणूस न विचारता रोमला गेला होता. राजाने त्याची पदं, उत्पन्न, पोर्तुगीज म्हणून असलेले हक्क, सगळं काढून घेतलं आणि त्याच्याशी पत्रव्यवहारावरही बंदी घातली. १५५६मध्ये तो रोममध्येच वारला.

सिल्वा आधी रोममध्ये पोर्तुगालचा वकील होता, त्या वकिलातीवर तू चार पानं खर्चली आहेस, ती दोनांवर आण. इटालियन लेखक कास्तिल्योनेने १५२८चं आपलं दरबारी माणसावरचं पुस्तक त्याला अर्पण केलं, एवढं मात्र ठेव.

वाचलेली जागा सिल्वाने पोर्तोजवळ, दोउरु नदीच्या मुखाशी, फोझला बांधवलेल्या दीपगृहाला दे. पोर्तोहून एक नंबरची ट्राम पकड आणि शेवटच्या थांब्यावर उतर. धक्क्याच्या टोकाचं दीपगृह एकोणिसाव्या शतकातलं आहे, तिथे फसू नकोस. सिल्वाचं दीपगृह, साओ मिगेल-ओ-आंजो, नदीकाठी आहे. बसकी चौकोनी दगडी इमारत, आतून अष्टकोनी, नंतरच्या बांधकामाला चिकटलेली; पटकन नजरेत भरत नाही. रोमहून आणलेल्या फ्रान्चेस्को द क्रेमोनाने ती १५२७-२८च्या सुमारास बांधली. नदीच्या मुखाशी खडक आहेत आणि वाळूचा दांडा जागा बदलतो, म्हणून रात्री गलबतांना खूण हवी होती.

तिथला कोरलेला लॅटिन लेख मन लावून वाच. सिल्वाने स्वतःच्या पैशाने शेतं विकत घेऊन दिली, त्यांच्या उत्पन्नातून रात्री मशाली कायम पेटत्या राहाव्यात म्हणून. आपल्याकडे नंदादीपासाठी जमीन लावून देत, अगदी तसंच. मनोरा एकदाच बांधायचा असतो. तेलाचा, सरपणाचा आणि राखणदाराचा खर्च रोजचा. त्याने तो हिशेब आधीच केला होता, आणि मला तो याचमुळे फार मोठा वाटतो.

लेखाचे फोटो तिरक्या उन्हात काढ, कोरलेली अक्षरं उठून दिसतात.

तुझी,
आई