फोटो चीताचा, नाव चेतकचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात सैन्याची जुनी हेलिकॉप्टर हळूहळू निवृत्त होणार अशी बातमी आली होती. बातमी चांगली होती पण सोबत जो फोटो होता त्याच्याखाली 'चेतक' छापलंय आणि फोटोतलं हेलिकॉप्टर सरळसरळ चीता आहे. आता कोणी म्हणेल एवढं काय त्यात, दोन्ही जुनीच, दोन्ही फ्रेंच घराण्यातली. पण मी गेले काही महिने याच चीताचं १/७२ स्केलचं रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाचं) मॉडेल बनवत बसलोय, त्यामुळे त्याची एकूण एक नळी डोळ्यासमोर नाचतेय आणि गप्प बसवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

ओळखायचं असेल तर शेपटी बघायची, बास. चेतकची शेपटी पत्र्याने बंद असते, खाली तीन चाकं आणि केबिन ऐसपैस, पायलट धरून सात जणांची. चीताची शेपटी म्हणजे नुसता नळ्यांचा उघडा सांगाडा, आरपार आभाळ दिसतं, खाली चाकं नाहीत तर स्किड म्हणजे जमिनीवर टेकणाऱ्या दोन लांब नळ्या, पुढे फुगीर काचेची पाच जणांची केबिन आणि इंजिन तर दोघांचंही वर उघड्यावरच. उपसंपादक मंडळींनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुढच्या वेळी घोळ होणार नाही.

चेतक म्हणजे फ्रेंच अलुएत थ्री आणि चीता म्हणजे लामा. लामाची गंमत अशी की ते हेलिकॉप्टर मुळात आपल्यासाठी बनलं. १९६८ मध्ये आपल्या सैन्याला हिमालयात उंचावर चालेल असं काहीतरी हवं होतं, तर फ्रेंचांनी अलुएत टू चा हलका उघडा सांगाडा घेतला आणि त्याच्यावर अलुएत थ्रीचं दणकट इंजिन आणि पंखा चढवला. आर्तूस्त नावाचं हे इंजिन खाली ८७० हॉर्सपॉवर देऊ शकतं पण ते मुद्दाम ५५० वर बांधून ठेवलंय, म्हणजे वर हवा विरळ झाली आणि इंजिनाचा दम कमी झाला तरी हातात ताकद शिल्लक राहते. साधा हिशोब आहे पण किती हुशारीचा! १९६९ मध्ये हिमालयातल्या चाचण्यांत ते ७,५०० मीटरवर उतरून परत उडालं. २१ जून १९७२ ला ज्याँ बुले नावाच्या फ्रेंच पायलटने लामा १२,४४२ मीटरवर नेलं, तिथे इंजिन बंद पडलं आणि हा पठ्ठ्या इंजिनाशिवाय नुसत्या फिरत्या पंख्याच्या जोरावर खाली जमिनीपर्यंत सुखरूप आला. त्याच वर्षी बंगळुरूत एचएएलने (विमानं बनवणारी आपली सरकारी कंपनी) जोडलेलं पहिलं चीता उडालं.

आणि सियाचीन. १३ एप्रिल १९८४ ला कॅप्टन संजय कुलकर्णी (पुढे लेफ्टनंट जनरल झाले) यांच्या ४ कुमाऊं या पलटणीतल्या तुकडीला 'बिलाफोंड ला' या खिंडीजवळ १८,००० फुटांच्या आसपास नेऊन सोडलं ते याच उघड्या शेपटीच्या चीतांनी, एका खेपेत दोनचार माणसं यापेक्षा जास्त नेता येत नाहीत त्यामुळे खेपांवर खेपा मारत. एका मराठी पेपरात या हेलिकॉप्टरला दुसऱ्याचं नाव लागावं हे मला खटकलं ते यासाठी पण.

आता मॉडेलबद्दल. अपाची, ब्लॅक हॉक, ह्यूई या अमेरिकन हेलिकॉप्टरांची प्लॅस्टिकची किटं ढिगाने मिळतात कारण प्लॅस्टिक किटला स्टीलचा साचा लागतो, तो प्रचंड महाग, मग कंपन्या खपेल तेच बनवणार. ज्याला गिऱ्हाईक कमी ते छोटे मेकर घरगुती पद्धतीने रेझिनमध्ये ओततात. साचा सिलिकॉन रबराचा, काही डझन नग निघाले की फाटायला लागतो आणि मग ते किट संपलं, परत कधी निघेल याचा भरवसा नाही. माझं किट एका छोट्या युरोपियन मेकरचं, आता बनत नाही, एका म्हाताऱ्या हौशी माणसाने पसारा कमी करताना विकायला काढलं म्हणून हाताला लागलं. सूचना म्हणाल तर झेरॉक्स केलेलं एक पान.

रेझिनचं काम म्हणजे पेशन्सची परीक्षा. आधी सगळे पार्ट भांडी घासायच्या लिक्विडने धुवायचे, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग सोलून निघतो. प्रत्येक पार्टला ओतकामाचा एक जाड ठोकळा चिकटलेला असतो तो बारीक करवतीने कापायचा, मग वॉटर पेपर, तोही ओलाच आणि तोंडाला मास्क लावून, कारण रेझिनची धूळ छातीत गेलेली चांगली नाही. वाकडे पार्ट गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे, हवेच्या बुडबुड्यांची भोकं पुट्टीने भरायची. प्लॅस्टिकचा गम इथे चालत नाही, तो प्लॅस्टिक वितळवून जोडतो आणि रेझिन काही वितळत नाही, त्यामुळे फेविक्विक नाहीतर अ‍ॅरल्डाइट.

आणि मग ती शेपटी! त्या नळ्या ७२ पट लहान केल्या की अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक होतात, रेझिनमध्ये ओतलेल्या त्या काड्या शेवयांसारख्या मोडतात, माझ्या तर पाकिटातच तुकडे झालेले होते. ते सगळं बाजूला ठेवलं आणि गिटारची स्टीलची तार आणून शेपटी नव्याने केली. पुठ्ठ्यावर ड्रॉइंग चिकटवायचं, त्यावर लांब तारा टाचायच्या, मग मधल्या तिरक्या तारा एकेक मापून कापायच्या, दोन्ही टोकं कानशीने घासून तिरकी करायची आणि सुईच्या टोकाने गमचा ठिपका. एक तिरकी तार केसभर लांब झाली की सबंध शेपटी पिळवटते आणि ते लगेच कळत नाही, चार जोड पुढे गेल्यावर कळतं. या कामाने नाकी नऊ आणले पण खरं सांगू का, सगळ्यात मजा पण त्यातच आली, आणि शेपटीच्या वरून मागच्या छोट्या पंख्याला फिरवणारा जो लांब दांडा जातो तो बसल्यावर पहिल्यांदा ते हेलिकॉप्टर वाटायला लागलं.

वरच्या पंख्याची तीन पाती, पूर्ण व्यास १५.३ सेंटीमीटर. फ्रेंच पंखे वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, अमेरिकन उलटे, त्यामुळे पात्याची जाड कड कुठल्या बाजूला हे त्या एका पानावर न बघता फोटोवरून ठरवायचं. शिवाय या घराण्यात एका पात्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर राखणाऱ्या बारीक केबल असतात, त्या विसरल्या की जाणकार लगेच पकडतो. डेकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं किटमध्ये होती पण परदेशी. विमानांवर असतो तो आपला तिरंगी गोल करायचा तर बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा, आणि साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापताच येत नाही, मग पांढरी चकती आधी एअरब्रशने मारून घेतली.

घोडं अडलं ते माहितीपाशी. लामाचे युरोपातले फोटो हवे तेवढे आहेत, पण आपल्या चीताची सीट कशी, वायरलेसचे डबे कुठे, पोटाखाली काय काय लावलंय हे सापडत नाही. मी राहतो नाशिकरोडला, इथे गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, चेतक चीता डोक्यावरून जातच असतात, पण ते खालून आणि लांबून. आत जाऊन फोटो काढता येत नाहीत आणि येऊ पण नयेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती निवृत्तीनंतर काय होतं त्याची. या मशीनची वयं झालीत, त्यात बसणाऱ्या तरुण पोरांना नवीन हेलिकॉप्टर लवकर मिळालीच पाहिजेत, जुन्याचे गोडवे गाऊन त्यांना त्यात बसवून ठेवू नका. पण निवृत्त झालेलं मशीन एक तर भंगारात जातं किंवा चौकात खांबावर चढतं, वर्षा दोन वर्षांनी कोणीतरी त्याला गेटला मारायचा ऑइलपेंट फासतो, खाली मान्यवरांची नावं मोठी आणि हेलिकॉप्टरची माहिती शून्य. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमानांचं म्युझियम आहे, मनापासून बघण्यासारखं, पण तिथली बरीच विमानं उघड्यावर समुद्राची खारी हवा खात उभी आहेत. नाशिकमध्ये एक चीता छपराखाली ठेवा, भोवती जिना ठेवा म्हणजे केबिनमध्ये वरून डोकावता येईल, दार उघडं ठेवा, फोटो काढू द्या, आणि बोर्डावर नंबर, कुठे कुठे उडालं, कधी थांबलं एवढं मराठीत लिहा. जिथे पायलट शिकले त्याच गावात ते असावं ही मागणी फार नाही.

जाता जाता अजून एक. कस्टमच्या यादीत ९५०३ नंबरखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि आमची स्केल मॉडेल सगळी एकाच ओळीत बसवलीयत. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी चालावीत हा हेतू पटतो, पण चीताचं रेझिन किट इथे कोणी बनवतच नाही तर त्यात कोणाचं संरक्षण होतंय? खेळण्यांच्या दर्जाच्या सरकारी नियमात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांसाठीचं असं स्पष्ट आहे, मी साठीला टेकलोय, ड्युटीच्या यादीत पण तोच निकष लावायला काय हरकत आहे.

तर विनंती दोन. एक, फोटोखालच्या नावाची दुरुस्ती कुठेतरी कोपऱ्यात छापा. दुसरी वाचकांना, तुमच्यापैकी कोणी चीतावर टेक्निशियन किंवा पायलट म्हणून काम केलं असेल तर केबिनच्या आतला रंग आणि सीटच्या कापडाचा रंग कोणता होता ते पेपरमार्फत कळवा, फ्रेंच फोटोत वेगळा दिसतो आणि आपल्या एका धूसर फोटोत वेगळा, तेवढ्यासाठी सीटा अजून प्राइमरवरच (नुसत्या अस्तराच्या रंगावर) ठेवल्यात.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड