वसतिगृहात जागा नाही, म्हणून शिष्यवृत्ती कमी का?

संपादक महोदय,

गोव्याच्या काणकोण, सांगे, धारबांदोडा तालुक्यांतली मुले फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात शिकायला येतात. वसतिगृह भरलेले असले की ती मिळून खोली भाड्याने घेतात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात स्वतःची नोंद ‘डे स्कॉलर’ म्हणजे घरून ये-जा करणारे अशी करतात. इथेच त्यांचे नुकसान होते.

अनुसूचित जमातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांत यावर तोडगा आहे. महाविद्यालय आपल्या वसतिगृहात जागा देऊ शकत नसेल, तर प्राचार्यांनी पाहणी करून मान्य केलेली भाड्याची जागाही वसतिगृह धरली जाते. अट अशी की निदान पाच विद्यार्थ्यांनी ती मिळून घेतलेली असावी. जेवणाची व्यवस्थाही शक्यतो सामाईक असावी. तिघांची खोली यात बसत नाही, म्हणून जागा शोधतानाच पाच जण जमवावेत. 2010 च्या दरांनुसार अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहासाठी महिना 1,200 रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला 550, बी.ए., बी.कॉम.ला 570 आणि 300. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. राहण्याची किंवा जेवणाची सोय फुकट असेल, तर मात्र वसतिगृहाच्या दराचा एक तृतीयांशच मिळतो.

गोव्यातले आजचे भाडे पाहता 1,200 ही रक्कम फारच तोकडी आहे, ती वाढायलाच हवी. पण आहे तेवढी तरी हातची जाऊ नये.

अडते ते कागदांवर. वसतिगृहात जागा नसल्याचे पत्र आणि मान्य जागेत राहत असल्याचा प्राचार्यांचा दाखला, हे दोन्ही अर्ज भरण्याआधी हातात हवेत. महाविद्यालयाने पडताळून पुढे पाठवलेला अर्ज दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते. भाडेकरार पाचही जणांच्या नावे करावा. पुष्कळ घरमालक तो एकाच्याच नावे करतात, मग उरलेल्या चौघांकडे तिथे राहत असल्याचा पुरावा राहत नाही. किनारी भागात आणखी एक गोष्ट पाहावी: पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की खोली रिकामी करून मागणारे घरमालक असतात. मुदत अकरा महिन्यांची आहे ना, हे सही करण्याआधी वाचावे. बँक खात्याला आधार जोडलेले आहे का, तेही तेव्हाच पाहावे.

प्राचार्यांना विनंती, की ही तरतूद प्रवेशाच्या दिवसांतच सूचना फलकावर लावावी आणि जागेच्या पाहणीसाठी एक शिक्षक नेमावा. पाहणीच झाली नाही तर दाखला कशाच्या आधारावर देणार?

– एक वाचक, केपे