रात्रीचं ताट सारू नकोस

नाशिक, रविवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनवर बोललो तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितोय. पिंट्याच्या हळदीत बेबीमावशी जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. तिच्या जिभेला हाड नाही, आजचं थोडंच आहे ते! पण तू भरलं ताट सारून उठलास, आणि सकाळी ठक्कर बाजार स्टँडवरून बसमध्ये उपाशीपोटीच बसलास. आईने बांधलेल्या दशम्या ओट्यावरच राहिल्या. वजनाबद्दल मला काही म्हणायचं नाही. रात्रीचं जेवण सोडलंयस का, तेवढंच सांग.

रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.९. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझं ६.५ च्या वर गेलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, तुला अजून तिशी लागायचीय. म्हणून घाबरतो. पण २० किलो उतरवायचे, हे कुणी डोक्यात घातलं? वजन ५ ते ७ टक्के उतरलं तरी धोका बराच घटतो. तुझ्या ९४ मधले पाच-सहा किलो, तेही सावकाश. उपास काढून वजन पाडलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात, मग जिना चढताना पाय लटपटतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल. रात्री नागलीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण, मग शतपावली. आणि बारापर्यंत जागू नकोस. आज जेवलास का?

झालं माझं सुरू. आई म्हणते, तुमचं पत्र म्हणजे सोसायटीचा सूचनाफलक. राग मानू नकोस.

मी रोज गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारतो. पोट आहे तिथेच आहे, पँट अजून चाळीसचीच लागते. पण सकाळची शुगर आवाक्यात आली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये थांबावं लागत नाही. मला तेवढं पुरतं. आपली हाडं अण्णांपासून रुंदच. शिंपी त्यांच्या सदऱ्याला कापड जास्त मागायचा, आणि अण्णा ऐटीत द्यायचे.

तू दहावीत होतास. आजीला पांडवलेणी बघायचीच होती, आणि निम्म्या पायऱ्यांवर तिचा गुडघा बसला. तू तिला सरळ पाठुंगळी घेतलंस. मागून काटकुळा पिंट्या, तिच्या चपला हातात धरून. वर पोचलास तेव्हा शर्ट पिळून घ्यावा इतका घामाघूम. आजीने लेणी राहू दिली बाजूला, आधी तुझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. खालच्या चहाच्या टपरीवरही सांगत होती, माझ्या नातवाची पाठ बघा. पाठ तीच आहे अजून. काट्यावर रोज चढून तिला काय विचारतोस?

बरं, शेजारचे काका बुधवारी पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर नागलीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतोय. भाकरी थापता येत नसेल तर आंबील कर, ताक घालून. रात्रीसुद्धा चालते. असो. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून घे, मीही त्याच आठवड्यात माझं देतो. बेबीमावशीचा फोन येईल, घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ. पीठ फ्रीजमध्ये ठेव, बाहेर किडे होतात.

— बाबा