पिटमध्ये दुसरी सायकल धरून उभ्या असलेल्या ताईंना

ताई,

सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवतातून अडथळे ओलांडत जायच्या सायकल शर्यतीत तुमच्या शेजारी येऊन "इथे नेमकं काय चाललंय?" असं विचारणारी एक अनोळखी बाई तुम्हाला आठवत असेल, नसेलही. पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना सायकल बदलायच्या जागी, दुसरी सायकल, बादली, ब्रश आणि लेकीचं जाकीट एवढं सगळं सांभाळत तुम्ही मला उत्तर दिलंत आणि शर्यत संपेपर्यंत देत राहिलात. गडबडीत नीट आभार मानता आले नाहीत, तुमचं नावही विचारायचं राहिलं. म्हणून हे जाहीर पत्र.

टीव्हीवर रस्त्यावरच्या शर्यती बघणाऱ्याला शेवटच्या रेषेजवळ जागा धरायची सवय असते. तुमचं पहिलंच वाक्य होतं, "रेषेजवळ निकाल कळतो हो, शर्यत दिसत नाही." फेरी जेमतेम अडीच ते साडेतीन किलोमीटरची, तीही मैदानात वळणावळणांनी दुमडलेली. त्यामुळे थोडं चाललं की तोच स्वार एका फेरीत दोन-तीन ठिकाणी गाठता येतो. फेऱ्या किती हे आधी ठरलेलं नसतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची आणि महिलांची 50 मिनिटांची. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागतो ते बघून पंच आकडा ठरवतात आणि मग फलकावर उरलेल्या फेऱ्या दिसू लागतात.

पण खरे आभार मानायचे आहेत ते नजर कुठे ठेवायची हे सांगितल्याबद्दल. वाटेत आडव्या लावलेल्या फळ्यांपाशी मी चेहरे बघत होते, तुम्ही म्हणालात पाय बघा. फळी जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उंच, म्हणजे अडथळा तसा काहीच नाही. पण त्याआधी वेग न मोडता उजवा पाय मागून काढून डावीकडे उतरायचं, कारण चेन उजव्या बाजूला असते. पाच पावलं आधी उतरणारीने तिथेच वेळ घालवलेला असतो. दोघीजणी न उतरता सायकलसकट उडी मारून गेल्या, तेव्हा तुम्ही मात्र कपाळाला आठ्या घातल्यात. "जमलं तर शाबासकी, नाही तर दात."

आणि तो आडवा उतार! माझी निम्मी शर्यत तिथेच गेली. जमीन एका बाजूला कललेली, वर ओलं गवत, खाली चिखल. पहिल्या फेरीत सगळ्याजणी वरून गेल्या. गवत टिकून आहे तोवर वरची वाट बरी, ते उखडलं की चाक घसरणार आणि मग खालची खोल चाकोरीच आधार देणार, असं तुम्ही सांगून ठेवलं होतंत. पुढच्या फेऱ्यांत डोळ्यांसमोर तस्संच घडत गेलं. पुढे असलेली मुलगी वरच्या वाटेला चिकटून राहिली आणि दोनदा पडली. तिच्या मागची सरळ उतरली, सायकल खांद्यावर टाकली आणि धावत पुढे निघून गेली. सायकलच्या शर्यतीत पळणारी जिंकते, हे मला अजून गमतीचं वाटतं.

टायरमध्ये इतकी कमी हवा का, हे तुम्ही अंगठ्याने दाबून दाखवलंत. नियमाप्रमाणे टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून पकड मिळवायची ती हवा कमी करून. फारच कमी केली तर मुळावर आपटून रिम ठोकर खाते.

तुमचं स्वतःचं काम मला सगळ्यात उशिरा कळलं. पिट एका फेरीत दोनदा लागतो. लेक आली, चिखलाने माखलेली सायकल तुमच्या हाती सोडली, स्वच्छ सायकल घेऊन गेली. मी डोळे मिटून उघडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अर्ध्या फेरीनंतर ती पुन्हा येणार, तेवढ्यात ही धुवायची, चेन मोकळी करायची, गिअर तपासायचे. पिट चुकला तर मागे फिरता येत नाही, पुढच्या पिटपर्यंत आहे त्याच सायकलवर रखडायचं. अशा धावपळीत माझ्या प्रश्नांसाठी तुमच्याकडे वेळ कुठून आला, देव जाणे.

एका बाबतीत आपलं पटलं नाही. आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या 80 टक्क्यांइतकं मागे पडलेल्याला बाहेर काढतात, तो नियम. अरुंद वाटेवर पुढच्यांची अडवणूक होऊ नये हे तुमचं म्हणणं मला कळतं. तरीही, एवढा चिखल तुडवून आलेल्या मुलीला थांबवताना बघवत नाही.

पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा 1950 साली पॅरिसला झाली आणि 1947 ची टूर द फ्रान्स जिंकलेल्या जाँ रोबिकने ती जिंकली. महिलांना त्यासाठी 2000 सालापर्यंत थांबावं लागलं. हे मी घरी आल्यावर वाचलं आणि तुमची आठवण झाली. डच सायकलपटू मारियान व्होसने 2006 ते 2022 या काळात आठ वेळा हे विजेतेपद मिळवलं, हे तुमच्या लेकीला पाठ असणार.

वाटेच्या कडेने बांधलेल्या फितीला टेकू नका, उताराखालच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहू नका, हे तुम्ही दटावून सांगितलंत त्याबद्दलही आभार. थोड्याच वेळात एक सायकल नेमकी तिथेच फितीत घुसली.

पुढच्या शर्यतीला मी गमबूट घालून येणार आहे. बादली भरायला, ब्रश मारायला एक जादा हात चालणार असेल तर पिटमधून हाक मारा. गिअरला हात लावणार नाही, शब्द देते.

तुमची,
प्रश्न विचारून भंडावून सोडणारी प्रेक्षक