चिमणीच्या ऑपरेशनआधी

प्रिय मुक्ता,

तुझ्या मांजरीच्या, चिमणीच्या नसबंदीची तारीख ठरली, पण भुलीच्या धास्तीने तू ती पुढे ढकलणार म्हणतेस. नको ढकलूस. भीती खोटी नाही, पण ती योग्य वेळेला लाव.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात एक मोठी पाहणी झाली. भूल दिलेल्या निरोगी मांजरांपैकी साधारण हजारात एक दगावलं. आजारी मांजरांत धोका कितीतरी जास्त होता, म्हणून आधी रक्त तपासून घे, छातीला स्टेथोस्कोप लावायला सांग आणि त्याच दिवशी वजन करून घे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. पण मला त्या पाहणीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त टेबलावर नव्हे, ऑपरेशन संपल्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टाके पडले की सगळे पुढच्या पेशंटकडे वळतात आणि अर्धवट गुंगीतलं जनावर पिंजऱ्यात एकटं उरतं. अंग गार पडलेलं, जीभ मागे सरकलेली, आणि बघायला कुणी नाही.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार: ऑपरेशन चालू असताना नाडीवर लक्ष कोण ठेवणार? नंतर शेजारी कोण बसणार? रक्तातला ऑक्सिजन मोजायला जिभेला ऑक्सिमीटर लावतात, आकडा ९५ टक्क्यांच्या वर हवा. पण नळीतून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावूनही तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो. कॅपनोग्राफ श्वासागणिक कार्बन डायऑक्साइड दाखवतो, ते लवकर सावध करतं. छोट्या दवाखान्यात हे यंत्र नसेल, तरी फक्त भुलीकडेच बघणारा एक माणूस हवाच. या बाबतीत मी भिडेखातर गप्प बसू देणार नाही तुला.

केटामाइन हे भुलीचं औषध दिलं तर तिचे डोळे उघडे राहतील. ती जागी आहे असं समजू नकोस. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून जेल घालतात. टॉवेलात गुंडाळून ऊब दे, पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नकोस. बेशुद्धीत चटका बसला तरी तिला हलता येत नाही.

डोकं धरून नीट बसायला लागेपर्यंत तिला घरी आणू नकोस. आणल्यावर जमिनीवरच ठेव, कपाटावर चढू देऊ नकोस. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठ. रात्री कितीही वाजता मलाही फोन कर.

तुझी,
वैशाली